घराबाहेरचे बाबा

डहाणू

चि. बाय हिस,


तुझं पत्र मिळालं. दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढायची आणि पहिला लेख तू लिहायचा, हे वाचून फार बरं वाटलं. सोबतची दोन पानंही वाचली. प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय, परोपकारी. यातलं काहीच खोटं नाही. पण हे शब्द कुठल्याही भल्या माणसाच्या फोटोखाली शोभतील. आपला दादा त्यांत सापडत नाही. उद्या तुझ्या मुलांनी ही पानं वाचली, तर आजोबा नेमके कसे होते हे त्यांना कळायचं नाही. म्हणून मोकळेपणाने चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट अशी की, नवरा आणि बाप म्हणून आपल्याला दिसतो तो माणूस निम्माच असतो. उरलेला निम्मा घराबाहेर, दुसऱ्यांच्या आयुष्यात असतो. तो गोळा करून आणणं हे मुलीचं काम.

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तू कॉलेजात असताना वाचलंस. आता पुन्हा वाच, पण या वेळी एका पत्नीने लिहिलेलं पुस्तक म्हणून वाच. गोदावरीबाई आणि त्यांचे पती शामराव आपल्या या पट्ट्यात आले तेव्हा इथे वेठबिगारी होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढणारा वारली आदिवासी बायकोसकट त्याच्याकडे राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरवून उठले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासींचा जीव गेला. शामराव १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि १९६५ साली स्थानबद्ध असतानाच तुरुंगात वारले. गोदावरीबाईंचं पुस्तक आलं ते १९७० साली. दोन वर्षांनी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

नवऱ्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी आलेल्या या पुस्तकात बाईंनी आपला शोक मांडलेला नाही. शामराव त्यात जागोजागी आहेत, पण सोबतचा कार्यकर्ता म्हणून, वारल्यांच्या मधे उभे असलेले. पाडे, तिथली माणसं, त्यांची भीती आणि ती भीती कशी गेली, याने पुस्तक भरलं आहे. त्या माणसांतूनच शामराव आपल्याला समजतात. पुढे १९९६ साली जाईपर्यंत बाईंनी हे काम सोडलं नाही. आज तलासरीच्या महाविद्यालयाला ‘गोदावरी शामराव परुळेकर’ असं नाव आहे. दोघांचा संसार आणि दोघांचं काम त्या एका नावात आलं.

दुसरं उदाहरण बापाचं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे जन्मले तलासरीतल्या धामणगावात आणि नांदले डहाणूतल्या गंजाडला. लहानपणी आई गेली तेव्हा त्यांनी बोलणंच टाकलं आणि ते मातीत रेघोट्या काढून मनातलं सांगू लागले, असं सांगतात. वारल्यांत लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी; गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. पुरुषाचं ते काम नव्हे. मशे मात्र लग्न असो-नसो, रोज काढत राहिले. चित्रकार भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकात या भागात आले आणि त्यांच्यामुळे मशेंची चित्रं बाहेर पोचली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. मासे धरायच्या जाळ्याचं त्यांचं चित्र कुठे पाहायला मिळालं तर जवळ जाऊन पाहा. एकेक बारीक रेघ मोजावी अशी, आणि सगळ्या रेघा मिळून आख्खं जाळं पसरलेलं. १५ मे २०१८ रोजी ते गेले. सदाशिव आणि बाळू ही त्यांची मुलंही चित्रकार. बापाच्या हातात आलेली कला मुळात घरातल्या बायकांची होती, आणि बापाकडून ती मुलांकडे गेली. आपल्या माणसाकडे काय होतं हे लिहिताना ते त्याला कुणाकडून मिळालं हेही लिहावं, हे मी यातून घेते.

आता आपल्या दादाकडे, आपल्या मास्तरकडे वळू. कपाटात खालच्या खणात त्याची वही आहे. हजेरीची वही शाळेची असायची, ही त्याची स्वतःची. दिवाळी झाली की पाड्यावरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जायची, मुलं आईबापांबरोबर जायची आणि वर्ग रिकामा व्हायचा. कोण पोर कुठल्या भट्टीवर गेलं, बरोबर धाकटं भावंड आहे का, कुठल्या धड्यापर्यंत आलं होतं, हे सगळं दादाने त्या वहीत लिहिलं आहे. एका मुलीच्या नावापुढे ‘भागाकार अर्धा राहिला’ एवढंच आहे. मग एखाद्या रविवारी पहिली एसटी धरून तो तिकडे जायचा, विटांच्या थप्पीला टेकून पोरांना शिकवायचा आणि रात्री धुळीने माखून परत यायचा. तू परोपकारी हा शब्द लिहिलास त्या जागी या वहीचं एक पान जसंच्या तसं छाप.

त्या वहीतल्या मुलांना शोध. कुणी तलासरीतच असतील, कुणी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत. त्यांना भाषण मागू नकोस. सर कसे हाक मारायचे, रागवायचे तेव्हा काय करायचे, एवढंच विचार आणि ते बोलतील तसं उतरवून घे. भाषा सुधारायला जाऊ नकोस.

आणि हे करताना वहिनीला, तुझ्या आईला, विसरू नकोस. तुला मी मुख्य म्हणून सांगते आहे ते हेच. दादाचे रविवार भट्ट्यांवर गेले, ते वहिनीच्या रविवारांतून गेले. तुमचा ताप, तुमचा अभ्यास, दारचा पाहुणा, आजीचं औषधपाणी तिने एकटीने उरकलं. दादाच्या पगारातून पोरांच्या वह्या आल्या तेव्हा घरात काय आणायचं राहिलं हे फक्त तिला ठाऊक आहे. लोक स्मरणिकेत दादाचे गोडवे गातील आणि ती ‘सौभाग्यवतींची मोलाची साथ’ अशा एका ओळीत संपेल. तसं होऊ देऊ नकोस.

ती बोलत नाही असं तू लिहितेस. ‘बाबांबद्दल सांग’ म्हटल्यावर कोण बोलेल? तिला लहान प्रश्न विचार. डब्यात काय द्यायचीस? पहिल्या बदलीच्या गावी पाणी कुठून आणायचात? भांडण झालं की आधी कोण बोलायचं? ती भाजी निवडत असताना शेजारी बस, वही-पेन समोर धरू नकोस. एका दिवसात होणार नाही, होऊ दे आठ-पंधरा दिवस.

दादाला देव्हाऱ्यातही बसवू नकोस. तो हट्टी होता. स्वतःच्या तब्येतीकडे त्याने दुर्लक्ष केलं आणि त्याचा त्रास तुम्हा सगळ्यांना झाला. तुझ्या बक्षीससमारंभाला तो आला नाही याचं तुला अजून वाईट वाटतं, हे मला माहीत आहे. ते लिही. प्रेम खरं असलं की त्यात तक्रारीलाही जागा असते, आणि तक्रार वाचल्यावरच वाचणाऱ्याचा बाकीच्यावर विश्वास बसतो.

तर असं कर. पहिला लेख तुझा नको. वहिनीने सांगितलेलं तिच्याच शब्दांत पहिल्या पानापासून येऊ दे. त्यामागे वहीचं पान, मग विद्यार्थी, आणि शेवटी तू. गुळगुळीत कागदावर आणि रंगीत फोटोंवर पैसे घालू नकोस. साध्या कागदावर शंभर प्रती जास्त काढ आणि ज्या शाळांत दादाने नोकरी केली तिथे पोचव. त्या वर्गांतून आजही पोरं दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात. आपल्या शाळेत असा एक मास्तर होता, हे त्यांच्या आताच्या शिक्षकांच्या वाचनात आलं पाहिजे.

कच्चं लिखाण झालं की पाठव, मी वाचून देईन. वहिनीला माझा नमस्कार सांग.

तुझी,
आत्या