घरालगतचा उतार आणि आधारभिंतीची निवड

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत घरासाठी आयती सपाट जागा क्वचितच लाभते. वरच्या अंगाची माती खणून ती खालच्या अंगाला टाकावयाची आणि त्या सपाटीवर जोते व अंगण बसवावयाचे, ही तेथील रीत होय. पूर्वी ही सपाटी कमरेएवढ्या गडग्याने सांभाळता येईल इतकीच असे. आता यंत्राच्या साहाय्याने एका दिवसात दोन पुरुष उंचीची खोदाई होते. भराव थोपविणारी भिंत मात्र बहुधा घर पुरे झाल्यावर, उरल्यासुरल्या पैशांतून उभी राहते. खर्चाचा हा क्रमच उलटा आहे.

मातीचा रेटा भिंतीच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मीटरची भिंत दोन मीटर केली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथविणारा जोर आठपट. म्हणून जागा असेल तेथे तीन मीटरच्या एका भिंतीऐवजी दीड-दीड मीटरच्या दोन टप्प्यांच्या भिंती घालणे श्रेयस्कर. मात्र दोहोंमध्ये खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर हवे. नाहीतर वरचा भार खालचीवरच येतो. अंगण थोडे लहान होते, हे खरे.

परंतु उंचीपेक्षाही घातक असते ते पाणी. दोन मीटर उंचीच्या भिंतीवर कोरड्या मुरमाड भरावाचा रेटा दर मीटर लांबीस सुमारे सव्वा टन येतो. हाच भराव पाण्याने तुडुंब भरला तर तो अडीच टनांच्या वर जातो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात भिंत कशाची बांधावी, या प्रश्नाआधी तिच्यामागचे पाणी कोठून बाहेर पडेल, हा प्रश्न विचारला पाहिजे.

या कसोटीवर जुना गडगा कमी प्रतीचा ठरत नाही. कोरड्या रचलेल्या दगडांच्या फटींतून पाणी आपसूक झिरपते. भारतीय मानक ब्यूरोने डोंगराळ भागातील आधारभिंतींसाठी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत (आयएस १४४५८) कोरड्या दगडी बांधणीला स्वतंत्र भाग दिलेला आहे. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून अधिक, दर्शनी बाजूला भरावाकडे कललेला उतार आणि मधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, एवढे पथ्य गवंड्याने पाळावयास हवे. जाळीत दगड भरून केलेल्या भिंतीतूनही निचरा चांगला होतो. समुद्राजवळ जाळी गंजते, हा तिचा दोष.

सध्या सर्वाधिक दिसते ती एका चिऱ्याच्या जाडीची, सिमेंटात बांधलेली जांभ्याची भिंत. तिला आधारभिंत म्हणणे धाडसाचे आहे. ती पातळ असते, पाणी अडविते, आणि जांभा भिजला की त्याची ताकदही घटते. जांभाच वापरावयाचा तर पायथ्याशी पुरेशी जाडी ठेवावी. उंची फार असेल तर प्रबलित काँक्रीटची भिंत घालावी. तिचा तळ भरावाखाली पसरलेला असतो आणि त्यावरील मातीचे वजनच तिला उभे ठेवते. तिचा आराखडा अभियंत्याकडूनच करवून घ्यावा.

भिंत कोणतीही असो, तिचा पाया भरावावर नव्हे, मूळच्या घट्ट जमिनीवर असावा. सिमेंटच्या बांधकामात एक ते दीड मीटर अंतरावर भोके आणि त्यांच्यामागे एक फूट जाडीचा खडीचा थर हवा. पागोळ्यांचे पाणी गटाराने दूर न्यावे. शोषखड्डा भरावात खणणे म्हणजे भिंतीमागे बारमाही पाणी साठविणेच होय.

भिंत कोसळते ती खालच्या अंगाला राहणाऱ्यांवर. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढव्यात सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून १५ जण मृत्युमुखी पडले. तीनच दिवसांनी, २ जुलैला, मुंबईत मालाड येथे भिंत कोसळून त्याहून अधिक बळी गेले. दोन्ही दुर्घटना मुसळधार पावसात, रात्री घडल्या.

शाळा, अंगणवाडी वा वस्तीच्या वरच्या अंगाला अशी भिंत असल्यास तिची पाहणी मे महिन्यात आणि पुन्हा भर पावसात व्हावी. भिंतीला पोट आले आहे काय, माथ्यालगतच्या जमिनीला समांतर भेग गेली आहे काय, हे मे महिन्यात दिसते. पावसात भोकांकडे पाहावे. ती कोरडी असतील तर बुजलेली आहेत. त्यांतून गढूळ पाणी येत असेल तर आतला भराव वाहून चालला आहे.