पाळणाघराचा परवाना कोण देतं?

डोंबिवलीत तळमजल्यावरच्या आमच्या ब्लॉकमध्ये मी पाळणाघर चालवायचे. गुडघे ऐकेनात म्हणून बंद केलं. अजूनही ओळखीच्या मुलींचे फोन येतात, ‘काकू, एखादं पाळणाघर सुचवा ना. सरकारमान्य असलं म्हणजे झालं.’ त्या ‘सरकारमान्य’बद्दलच थोडं बोलायचं आहे.

सुरुवात करताना परवानगी कुठली लागते, हे विचारायला मी स्वतः हिंडले. प्रभाग कार्यालयाने शिक्षण विभागाकडे पाठवलं. तिथे म्हणाले, आमचं काम पहिलीपासून. महिला व बालविकास खात्याकडे अंगणवाड्या होत्या, निराधार मुलांच्या संस्था होत्या. पण संध्याकाळी आईबाप पैसे मोजून घरी घेऊन जातात, अशी मुलं त्यांच्या कुठल्या रजिस्टरात बसेनात. शेवटी एका एजंटाने गुमास्ता काढून दिला. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याचा कागद. किराणा दुकानदाराकडे असतो तोच. मुलं किती, त्यांना सांभाळणारे हात किती, खिडकीला ग्रील आहे का, यातलं काहीही त्यात विचारलेलं नसतं. तो कागद फ्रेम करून दारासमोर लावला आणि येणारी प्रत्येक आई त्याच्याकडे एक नजर टाकून निर्धास्त व्हायला लागली. वाचला मात्र एकीनेही नाही.

तो पहिल्यांदा वाचला गेला, त्याचीही गोष्ट आहे. दोन वर्षांचा एक मुलगा सकाळी आला तोच कोमेजलेला. ‘रात्री झोप झाली नाही,’ एवढंच सांगून आई लोकल पकडायला पळाली. खरं तर रात्रभर ताप होता आणि पहाटे औषध पाजून तिने त्याला उभा केला होता. तिची रजा संपली होती. दुपारी औषधाचा अंमल उतरला, ताप सणकून चढला आणि वरणभात खाऊन लवंडलेल्या मुलाला आकडी आली. डोळे वर गेले, हातपाय ताठ. मदतीच्या मावशी कांदा फोडायला धावल्या, दुसरी म्हणे चप्पल हुंगवा. मी त्याला कुशीवर वळवलं, तोंडात चमचा, बोट काही घालू दिलं नाही आणि घड्याळाकडे बघत बसले. दोनेक मिनिटांत आकडी थांबली. तापातल्या आकड्या बहुधा अशाच आपसूक थांबतात; पाच मिनिटांच्या वर गेली तर मात्र क्षणभरही थांबायचं नसतं. हे मला ठाऊक होतं ते माझ्या धाकट्या लेकाच्या आकड्यांमुळे. असलं काही शिकून मगच पाळणाघर काढा, असं मला कोणीच सांगितलं नव्हतं.

रिक्षाने दवाखाना गाठला. काउंटरवर प्रश्न आला, ‘तुम्ही कोण?’ फॉर्ममध्ये ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. आईचा फोन लागेना, वडील बंगळूरला. डॉक्टरांनी माणुसकी दाखवून तपासायला घेतलं, पण सलाइन लावायची वेळ आली तेव्हा सही कोणाची, यावर बरीच वादावादी झाली. मुलगा दुसऱ्या दिवशी खडखडीत बरा झाला. वडील परतल्यावर आधी माझ्या दारात आले, ‘लायसन्स दाखवा’ म्हणाले आणि भिंतीवरच्या गुमास्त्याचा फोटो काढून घेतला. वाचून त्यांचाच चेहरा उतरला. रागावले म्हणून मी त्यांना बोल लावणार नाही. आईला तर नाहीच.

कारण कायदा आहे, पण तो ठिगळाठिगळांचा. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा २००९चा कायदा ६ ते १४ वयाचा. ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी सरकारने सोय करावी असं त्यात म्हटलंय, पण खासगी नर्सरीला मान्यता सक्तीची नाही. खासगी प्ले स्कूलसाठी राष्ट्रीय बालहक्क आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी असं ती सांगतात. बदलापूरच्या शिशुवर्गातल्या मुलींवर २०२४मध्ये अत्याचार झाले, तेव्हा राज्याने शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी बजावली. २०२५मध्ये ३ ते ६ वयोगटाच्या खासगी केंद्रांना शालेय शिक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. चांगलंच झालं. मात्र पोर्टलवर माहिती भरणं वेगळं आणि कोणी येऊन मोरी बघणं वेगळं. तीन वर्षांखालचं बाळ, ज्याला स्वतःचं काही सांगताच येत नाही, ते तर या सगळ्यातून निसटतंच.

नोकरदार आईसाठी म्हणून २०१७ची प्रसूती लाभ कायद्यातली दुरुस्ती आली: ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ते कामाच्या जागी, नाहीतर ५०० मीटरच्या आत असावं. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये तान्हं घेऊन चढून दाखवा म्हणावं एकदा! म्हणून तर आमच्यासारख्यांची पाळणाघरं चालतात. तरीही कंपनीच्या एचआरला लेखी विचाराच. घराजवळच्या पाळणाघराची फी कंपनीने भरावी, अशी सोय काही ठिकाणी करून मिळते. मागितल्याशिवाय मात्र सहसा मिळत नाही.

आता पाळणाघर कसं बघायचं ते. सकाळी दहाला जाऊ नका. तेव्हा सगळीकडे फुगे आणि बडबडगीतं असतात. दुपारी दोन ते चारमध्ये, न कळवता जा. मुलं झोपलेली असतात, सांभाळणाऱ्याही पेंगतात आणि एखादी बँकेत नाहीतर दळणाला गेलेली असते. त्या वेळी जागे हात किती, ते मोजा. आत येऊच देत नसतील तर तिथूनच परत फिरा. मोरीत पाण्याने भरलेली बादली किंवा टब उघडा आहे का ते बघा. रांगणाऱ्या बाळाला वीतभर पाणीही घातक असतं. कुकर कुठे लागतो, बाल्कनीचं दार कोण लावतं, तेही बघून घ्या.

कॅमेऱ्यावर फार विसंबू नका. २०१६मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात होती. पण ते चित्रण पाहिलं गेलं बाळाच्या अंगावरच्या खुणा दिसल्यानंतर. कॅमेरा नंतर सांगतो. त्यापेक्षा मदतनीस बाईंचं पोलीस व्हेरिफिकेशन मागा. सहा महिन्यांत चार मावश्या बदलल्या असतील तर कारण विचारा. मूल एकाएकी तिथे जायलाच नको म्हणू लागलं, किंवा अंगाला हात लावू देईना, तर ‘नखरे करतंय’ म्हणून सोडू नका. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळणाघरवालीवरसुद्धा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर दिवसरात्र चालतो.

आणि कागद करा. त्या आकडीनंतर मी दोन पानी करार छापून घेतला होता. मुलाला नेणारी माणसं कोण, फोटोसकट. बाकी कोणी आलं तर मूल मिळणार नाही, मग तो सख्खा मामा का असेना. ताप असेल तर त्या दिवशी मूल येणार नाही, आणि घरून दिलेलं औषध वेळेसकट वहीत लिहायचं. ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन, तातडीच्या उपचारासाठी मला आईवडिलांची लेखी संमती. शेवटी डिपॉझिट किती, परत कधी, बंद करायचं तर किती आधी सांगायचं. काही आया म्हणाल्या, ‘काकू, आपल्यात कसला करार?’ त्यांना मी दुसरं पाळणाघर बघायला सांगितलं. एक सही करून गेली आणि आठवड्याने परत येऊन तिने तोच कागद माझ्याकडून भरून घेतला: काकूंचं वय, आजार, काकू आजारी पडल्या तर मुलं कोण बघणार. एवढं विचारणारी ती एकटीच.

पैशाची पावती नेहमी घ्या, यूपीआयने दिले तरी. डिपॉझिट बुडवून रातोरात पाटी काढणारे आमच्याच गल्लीत होऊन गेले. पाळणाघर ही विकत घेतलेली सेवा आहे, त्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाता येतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर रीत सांगतात. पावती नसेल तर तिथेही पहिला प्रश्न दवाखान्यातलाच येतो, ‘तुम्ही कोण?’