पत्ता की दुसरं नाव?

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी++ मध्ये दोन संख्यांची अदलाबदल करणारं फंक्शन लिहिलं, पण बाहेर आल्यावर संख्या जशाच्या तशा. पॉइंटर वापरले तर बदलल्या, रेफरन्स वापरले तरी बदलल्या. मग दोन्ही कशाला हवेत?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : पहिल्या वेळी अदलाबदल झाली होती, पण नकलांची. व्हेरिएबल नुसतं पाठवलं की फंक्शनला त्याची नक्कल मिळते. आतले ५ आणि ९ जागा बदलतात, फंक्शन संपलं की नकलाही संपतात आणि मूळ संख्यांना कळतही नाही.

पॉइंटर वापरता तेव्हा तुम्ही पत्ता पाठवता. विजयनगरातल्या घराचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला, तर चिठ्ठी घेणारा तिथे जाऊन आतलं सामान हलवू शकतो. पण वर्गात हमखास निसटणारी गोष्ट पुढे आहे : चिठ्ठीचीही नक्कलच जाते. त्याने आपल्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडून दुसरा लिहिला तरी तुमची चिठ्ठी तशीच राहते. रेफरन्स म्हणजे मात्र त्याच घराचं दुसरं नाव. ते जाहीर करतानाच जोडावं लागतं आणि नंतर दुसऱ्या घराला लावता येत नाही. रेफरन्सला नवी किंमत दिली की ती थेट मूळ व्हेरिएबलमध्ये जाते.

डेनिस रिची यांच्या सी भाषेत रेफरन्स नाहीतच. म्हणून स्कॅनएफमध्ये संख्येच्या नावाआधी & लावावा लागतो. तो विसरलात, तर आतली किंमतच पत्ता समजली जाते आणि प्रोग्राम बहुधा कोसळतो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांची ‘लेट अस सी’ आणि ‘अंडरस्टँडिंग पॉइंटर्स इन सी’ ही पुस्तकं जवळ ठेवा; & आणि * चा सराव त्यांतून पक्का होतो.

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये ज्या कामाला हात घातला, त्यातून सी++ घडली. त्यांनी रेफरन्स आणले ते मुख्यतः ऑपरेटरांसाठी. दोन मोठ्या मॅट्रिक्सची बेरीज साधी ‘अ + ब’ अशी लिहिता यावी, तीही नकला न काढता आणि जागोजागी & न लावता, ही गरज होती. कंपायलर आतून रेफरन्ससाठीही बहुतेक वेळा पत्ताच वापरतो. त्यामुळे फरक वेगामध्ये शोधू नका, अर्थामध्ये शोधा.

पॉइंटर रिकामा असू शकतो. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये ‘नल’ची कल्पना आणली आणि २००९ मध्ये तिला स्वतःच अब्ज डॉलरची चूक म्हटलं. रेफरन्स घेणारं फंक्शन वाचणाऱ्याला सांगतं, की इथे वस्तू आहेच. माझ्या मते नेहमीच्या कामाला रेफरन्सच घ्यावा. मोठी वस्तू नुसती वाचायची असेल, तर कॉन्स्ट रेफरन्स. ‘काहीच नाही’ ही शक्यता खरी असेल किंवा रोख मध्येच दुसऱ्या वस्तूकडे वळवायचा असेल, तरच पॉइंटर. फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलचा रेफरन्स मात्र कधीही परत करू नका. फंक्शन संपताच ते व्हेरिएबल नष्ट झालेलं असतं.

आज लॅबमध्ये एवढं करून पाहा : फंक्शनच्या आत रेफरन्सचा पत्ता छापा आणि बाहेर मूळ व्हेरिएबलचा. दोन्ही एकच येतील. मग एक पॉइंटर पाठवून त्याचा स्वतःचा पत्ता आत आणि बाहेर छापा. ते वेगळे येतील.