गिटारच्या तारा निवडताना

आपल्या हॉस्टेलमध्ये गिटार बऱ्याच जणांकडे आहे, पण वाजते एखाद-दुसरीच. बाकीच्या कपाटावर धूळ खात पडलेल्या. विचारलं तर उत्तर एकच, "बोटं दुखतात यार, आपल्याला नाही जमत!" खरं सांगायचं तर पुष्कळदा दोष बोटांचा नसतो, तारांचा असतो. म्हणून हा छोटासा लेख.

१) आधी गिटार ओळखा
क्लासिकल गिटारला नायलॉनच्या तारा लागतात, अकूस्टिकला स्टीलच्या. क्लासिकलची खूण म्हणजे तारा ब्रिजवर गाठ मारून बांधलेल्या असतात. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो, तर स्टीलच्या लाइट सेटचा ७० किलोच्या वर. म्हणजे क्लासिकलवर स्टीलच्या तारा चढवल्या तर ब्रिज उखडणार, हे सांगायला मेकॅनिकलवाला नको!

२) जाडी बघा
दुकानात '१० नंबर', '१२ नंबर' म्हणतात, ती सर्वात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. स्वर आणि लांबी तीच ठेवली तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर आणि स्वर ३३० हर्ट्झ धरून गणित केलं, तर १२ नंबरला सुमारे साडेदहा किलो ताण येतो आणि १० नंबरला सुमारे साडेसात. फरक केसाएवढा, पण ताण ३० टक्के कमी! त्यामुळे नवशिक्यांनी १० नंबरच घ्यावा. आवाज थोडा लहान होतो, पण रोज वाजवणं होतं. बोटं तयार झाली की ११, १२ आहेतच.

३) जाड तारांवर वेटोळी कशाला?
सर्वात खालच्या स्वराची तार वरच्या तारेपेक्षा दोन सप्तकं खाली, म्हणजे कंपनसंख्या एक चतुर्थांश. तेवढ्याच ताणावर साधी स्टीलची तार चौपट जाड लागेल, म्हणजे सव्वा मिलिमीटरची सळईच! ती धड वाकणार नाही आणि सुरेलही वाजणार नाही. म्हणून बारीक गाभ्यावर ब्रॉन्झ गुंडाळून फक्त वजन वाढवतात. तानपुऱ्यातही खर्जाची तार जाड आणि बहुधा पितळेची असते, ती याच कारणाने. ज्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तिथलं कामही याच नियमावर चालतं.

४) धातू
'८०/२० ब्रॉन्झ' म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे खरं तर पितळच. आवाज खणखणीत, पण लवकर उतरतो. 'फॉस्फर ब्रॉन्झ'मध्ये तांब्याबरोबर कथील आणि किंचित फॉस्फरस असतो. आवाज जरा गोड, टिकतोही जास्त. थोडे पैसे जास्त गेले तरी हॉस्टेलसाठी हाच बरा.

शेवटी दोन सूचना. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, कारण घामाने गंज चढतो. आणि बाराव्या फ्रेटवर तार ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उंच असेल, तर तारा बदलून भागणार नाही, दुकानात नेऊन उंची कमी करून घ्या.

तेव्हा "जमत नाही" म्हणण्याआधी एकदा १० नंबरचा सेट टाकून बघा. कपाटावरची गिटार खाली तर काढा!