सहा लिटरचं पोट आणि सतरा घोडे

इलेक्टिव्हचा फॉर्म भरायची तारीख जवळ आली की आमच्या हॉस्टेलमध्ये परीक्षेपेक्षा जास्त चर्चा झडते. यंदा मेसमध्ये मेकॅनिकलच्या टेबलावर एकच विषय होता : आय. सी. इंजिन घ्यायचं की इलेक्ट्रिक व्हेइकल? त्यातच रविवारी घरी फोन केला. आमचे अण्णा कोल्हापूरला एका फाउंड्रीत इंजिनचे ब्लॉक ओततात. ते म्हणाले, "काय रं, आता इंजानं बंद हुनार म्हणत्यात. मग तू शिकतोयस काय, आन् आमी वततोय काय?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं जर्नलमध्ये पी-व्ही डायग्राम काढणाऱ्या मुलानं गप्प बसावं, हे काही बरं नव्हे. म्हणून वाचायला बसलो. सगळ्यात आधी मोठी पेट्रोल इंजिनं निरोप घेताना दिसतात, तेव्हा सुरुवात तिथूनच केली.

बेंटलीचं पावणेसात लिटरचं व्ही-८ इंजिन मूळ १९५९ च्या घराण्यातलं. ते २०२० मध्ये थांबलं. त्याच कंपनीचं सहा लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन २०२४ मध्ये बंद झालं. बीएमडब्ल्यूनं आपल्या सेडानमधलं व्ही-१२ २०२२ मध्ये संपवलं. अमेरिकेत डॉज चॅलेंजर आणि चार्जर या व्ही-८ गाड्यांचं उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबलं.

असं का झालं? चला, एक गणित करू. सुमारे १,७०० किलोची गाडी, ड्रॅग कोइफिशंट ०.२८, समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर, वेग ताशी १०० किलोमीटर. हवेचा विरोध येतो २८५ न्यूटन, टायरचा साधारण १६५. दोन्ही मिळून ४५० न्यूटन. याला वेगानं गुणलं की साडेबारा किलोवॅट, म्हणजे फक्त सतरा अश्वशक्ती! आता २००८ च्या सुमारास रस्त्यावर आलेली मर्सिडीज-एएमजी सी-६३ घ्या. तिचं ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन ४५७ अश्वशक्तीचं. म्हणजे सपाट रस्त्यावर एका वेगानं जाताना ४५७ घोड्यांपैकी सतरा ओढतात, बाकीचे नुसता चारा खातात.

चारा कसा खातात? दोन हजार आरपीएमला हे इंजिन मिनिटाला ६,२०० लिटर हवा ओढू शकतं. पण तेवढी नको असते, म्हणून थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवावा लागतो. सिरिंजचं तोंड बोटानं दाबून दट्ट्या ओढून बघा, हात दुखतो. आठही पिस्टन तेच करत असतात. जर्नलमध्ये आपण खाली काढतो ना, तो छोटा पंपिंग लूप, तो हाच. त्यात आठ सिलिंडरच्या रिंगांचं आणि बेअरिंगचं घर्षण मिळवा. गॅदरिंगच्या जेवणाचं पातेलं रोज दोन कप चहासाठी चुलीवर चढवण्यातला हा प्रकार आहे.

मग इतकी वर्षं असं इंजिन ठेवलं कशाला? तर राखीव जोरासाठी. ओव्हरटेक करताना, चढावर, पाय दाबताक्षणी टॉर्क हवा असेल तर मोठं पोट हाच साधा उपाय होता. पुढे टर्बोचार्जर आला, पोट लहान झालं. २०१४ साली सी-६३ चार लिटरवर आली आणि ताकद उलट वाढली. त्यात युरोपनं कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घातली. २०२१ मध्ये ती किलोमीटरला ९५ ग्रॅमवर होती, आणि वर जाणाऱ्या प्रत्येक ग्रॅमला प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड! मोठं इंजिन आता ग्राहकाच्याच नव्हे, कंपनीच्याही खिशाला जड झालं.

शेवटी २०२२ मध्ये सी-६३ चं इंजिन झालं दोन लिटर, चार सिलिंडर. सोबत मागच्या बाजूला इलेक्ट्रिक मोटर. दोघांची मिळून ताकद ६८० अश्वशक्ती. राखीव जोराचं काम मोटरनं उचललं. ती शून्य आरपीएमपासून टॉर्क देते आणि गरज नसताना पेट्रोल मागत नाही, उलट ब्रेक लावताना थोडी वीज परत देते.

कागदावर सगळं छान. पण चाहत्यांनी नाक मुरडलं. व्ही-८ चा तो आवाज गेला आणि गाडीचं वजन २,१०० किलोच्या वर गेलं. अमेरिकेत तर राम कंपनीनं पिकअपमधून काढलेलं ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन २०२५ मध्ये परत देऊ केलं, कारण गिऱ्हाइकं मागत होती. तेव्हा ही उतरण सरळ रेषेत नाही. माणूस गाडी नुसती कॅल्क्युलेटर घेऊन विकत घेत नाही, हे आपण इंजिनिअरांनी लक्षात ठेवावं.

तरी या सगळ्यातून मला एक गोष्ट समजली. कुठलं इंजिन आधी जाणार हे त्याच्या लोडवरून ठरतं. जे बहुतेक वेळ अर्धपोटी चालतं ते आधी जातं. जे तासन्‌तास पूर्ण लोडवर राबतं ते टिकतं. ट्रॅक्टर शेतात ३० किलोवॅटनं सहा तास नांगरतो असं धरा. लागणार १८० किलोवॅट-तास. तेवढी बॅटरी आजच्या हिशेबानं टनभर भरेल. ती ओढायची की नांगर?

पुढच्या रविवारी पुन्हा फोन केला. विचारलं, "अण्णा, तुमचे ब्लॉक कशाचे?"

"ट्रॅक्टरचं जास्त."

मग त्यांना थ्रॉटल, सिरिंज, पातेलं सगळं सांगितलं. हेही सांगितलं की भट्टी उद्याच विझणार नाही, पण बॅटरी हलकी होत गेली की हे गणित बदलेल, आणि निव्वळ इलेक्ट्रिक गाडीला ब्लॉक लागतच नाही. खोटा धीर द्यावासा वाटला नाही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. मग तू त्ये मोटरचं शीक. इंजानाचं आमी हाय तवर हितं बघू."

फॉर्मवर मी 'इलेक्ट्रिक व्हेइकल' लिहिलं. आय. सी. इंजिनची जर्नल मात्र रद्दीत घातलेली नाही. हायब्रिडच्या बॉनेटखाली दोन्ही शेजारी शेजारी बसतात, तर माझ्या टेबलावर बसायला काय हरकत आहे?