स्क्रीनवरच्या रंगांना भुलू नकोस

अगं, एवढ्याशा अॅल्युमिनियमच्या पट्टीवर स्ट्रेन गेज चिकटवू नकोस. गेज आणि त्याच्या गोंदानेच अशी पातळ पट्टी आखडते. क्लिपच्या एक्स्टेन्सोमीटरची धार टेकली की ओरखडा पडतो आणि पुष्कळदा पट्टी तिथूनच तुटते. त्यापेक्षा कॅमेऱ्याने मोज. पीटर्स आणि रॅन्सन यांनी १९८२ मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात मांडलेली ही पद्धत: पृष्ठभागावर ठिपके उठवायचे, पट्टी ताणताना फोटो घ्यायचे आणि ठिपके कुठून कुठे सरकले त्यावरून स्ट्रेन काढायचा.

सगळं त्या ठिपक्यांवर आहे बघ. एक ठिपका साधारण ३ ते ५ पिक्सेलचा हवा. तुझी ५ मिलिमीटर लांबी २००० पिक्सेलमध्ये बसवलीस, तर एक पिक्सेल अडीच मायक्रॉनचा. म्हणजे ठिपका दहा मायक्रॉनच्या आसपास. बाजारातल्या स्प्रेच्या डब्याचे थेंब याला फार मोठे. पांढऱ्या मॅट रंगाचा पातळ हात दे आणि तो ओलसर असतानाच प्रिंटरच्या टोनरची भुकटी हलकेच फुंकर. मास्क लावून, बरं का! रंग ताजा असतानाच चाचणी उरक. रंग वाळून कडक झाला की पट्टीआधी तोच तडकतो.

आता ज्यात भलेभले फसतात ते सांगते. ग्रिप आवळताना किंवा लोड येताना पट्टी किंचित पुढे सरकते. साधी लेन्स २०० मिलिमीटरवर असेल आणि पट्टी ०.१ मिलिमीटर जवळ आली, तर ५०० मायक्रोस्ट्रेन फुकटचा दिसतो. ७० मेगापास्कलला तुझ्या अॅल्युमिनियमचा खरा स्ट्रेनच १००० च्या आसपास असतो! म्हणून टेलिसेंट्रिक लेन्स मिळते का बघ, नाहीतर दोन कॅमेऱ्यांची जोडी लाव. हॅलोजनचा दिवा नकोच. पट्टी १० अंशांनी तापली तरी २३० मायक्रोस्ट्रेन नुसत्या उष्णतेचा. एलईडी वापर.

सॉफ्टवेअर चुकीच्या फोटोंवरही सुंदर रंगीत नकाशा काढून देतं, गाईडही खूश होतात. तू तेवढ्यावर थांबू नकोस. लोड न देता दहा फोटो घे आणि त्यांचा स्ट्रेन काढ. शून्याऐवजी जे दिसेल तो तुझा गोंगाट. त्याहून लहान आकडा प्रबंधात लिहायचा नाही. उद्या लॅबमध्ये गेलीस की आधी ते दहा फोटो काढ आणि मला पाठव. पट्टी ताणायची घाई करू नकोस.