सचिव झालेल्या भाचीस

अमरावती

चि. मृणाल,


खडकवासल्याच्या तुझ्या सेलिंग क्लबची तू सचिव झालीस, हे ताईनं अकोल्याहून कळवलं. फार आनंद झाला. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांचं पाणी म्हणजे वडाळीचा तलाव, मोर्शीकडचं अप्पर वर्धा, नाहीतर तुमच्या महानचं काटेपूर्णा धरण. शिडाचं तू मला शिकवशील. संस्थेचं मात्र मी तुला सांगतो.

आमचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ बघ. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली मंडळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. लोक बर्लिनचंच सांगतात. मला त्याआधीची बावीस वर्षं मोठी वाटतात. रोज पहाटे आखाड्याचं दार उघडणारं कोणीतरी होतं, म्हणून बर्लिन झालं. ते दार उघडणं आता तुझ्याकडे आलंय.

आधी कागद. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल व्हायला हवा. सत्काराच्या गडबडीत तो राहतो, आणि पुढे कोणाची सही चालणार यावरून चांगल्या संस्था वर्षानुवर्षं अडकून पडतात. हिशेब कोणीही मागितला तरी त्याच दिवशी दाखवता यावा. निवडणुकीत जे तुझ्या विरोधात होते, त्यांच्या घरी स्वतः जाऊन ये. नावा कोणत्या वाऱ्यात उलटतात हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि पाण्याच्या बाबतीत कोणाचीही भीड धरू नकोस. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या वरुड तालुक्यात, वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण गेले. तो आठवडा या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. तुमच्याकडे मोटरची बचाव-नाव पाण्यात उतरल्याशिवाय एकही शीड वर जायला नको. लाइफ जॅकेटचे बंद तू स्वतः ओढून बघ, अध्यक्षांचेसुद्धा. शिकायला आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात काठाजवळ मुद्दाम नाव उलटवायला लाव, मग नावेच्या पोटाखालच्या फळीवर उभं राहून ती सरळ करू दे. एकदा जमलं की ते घाबरत नाही.

आता मनातलं मागतो. ऑप्टिमिस्ट ही मुलांची नाव जेमतेम पावणेआठ फुटांची. तिच्यात एकटं पोर बसतं; सुकाणू त्याच्याच हातात, शिडाची दोरीही त्याच्याच हातात. धरणाच्या काठच्या गावांतली पोरं ते पाणी जन्मापासून बघतात, पण क्लबची फी त्यांच्या आईबापांना कशी परवडणार? दर रविवारी दोन नावा त्यांच्यासाठी ठेव, बिनफीच्या. पैशांचं कोणीतरी विचारेलच. चषकांच्या खर्चातून काढ म्हणावं. पहिल्याच सभेत हा ठराव मांड आणि मंजूर झाला की मला कळव. पहिल्या दोन लाइफ जॅकेटांचे पैसे मी पाठवतो.

तुझा,
मामा